जाऊन येते म्हणणारी गाडी

"ऊट आतेनो?" असे विचारूनच माझी मावशी फोनवर बोलायला सुरुवात करते. ती लग्न होऊन इंदूरजवळच्या राऊला गेली, त्याला पंचेचाळीस वर्षे होऊन गेली. घरात आता मराठी आणि हिंदीची खिचडी चालते. पण निपाणीकडच्या भाच्याशी बोलायचे, तर आधी कानडीच! २०२३च्या दिवाळीआधी मात्र तिने जेवणाची चौकशी केली नाही. थेट म्हणाली, "तू ये. तुझ्या काकांच्या डोक्यात खूळ शिरलंय. दीड वर्षापूर्वी बायपास झालेला माणूस मोटार घेऊन विलायतेला निघालाय. प्लॉट विकणार म्हणतात. तुझं ऐकतील."

माझे कोणी ऐकते, असा अनुभव मला वर्गातही फारसा नाही. तरी मी निघालो.

राऊ म्हटले की मराठी माणसाला थोरले बाजीराव आठवतात. आणि त्यांनी जिथे देह ठेवला, ते नर्मदाकाठचे रावेरखेडी याच मुलखात आहे. पण हे राऊ म्हणजे इंदूरच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर असलेले, आग्रा-मुंबई रस्त्यावरचे एक गाव. पुढे महू, मग मानपूरचा घाट, नर्मदा, सेंधवा आणि धुळे. पूर्वी इथे बटाट्याची शेते आणि ट्रकवाल्यांचे ढाबे होते. १९९६ साली इंदूरचे आयआयएम निघाले आणि राऊ-पीथमपूर रस्त्यावर उभे राहिले. पीथमपुरात मोटारींचे कारखाने आले. २०२१ साली तर तिथे ११.३ किलोमीटरचा अंडाकृती चाचणी-मार्ग सुरू झाला, आशियातला सर्वांत लांब. त्यामुळे राऊमधल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. काकांचा प्लॉट म्हणजे काही लहान गोष्ट नव्हती.

सोळा वर्षांच्या मुलाने पाहिलेले

काकांची गाडी घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. १९५२ची एमजी टीडी. लाल रंग, दोनच माणसांची जागा, पुढे लांबट बॉनेट, बाजूला गोलाईदार मडगार्डे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचे ते मूळ गॅरेज, पण या गाड्या बनत जवळच्या ॲबिंग्डन गावी. तो कारखाना १९८० साली बंद झाला. टीडीचे इंजिन साडेबाराशे सीसीचे, त्यावर दोन कार्बोरेटर, आणि अंगाचा सांगाडा चक्क लाकडी. पत्रा वरून ठोकलेला. "ही गाडी मिस्त्री आणि सुतार, दोघांनी मिळून सांभाळायची असते," असे काका म्हणतात.

काकांचे वडील इंदुरात मिस्त्री होते. महूच्या छावणीतल्या साहेब लोकांच्या गाड्या त्यांच्याकडे येत. अशाच एका अधिकाऱ्याची बदली झाली आणि १९६९ साली ही गाडी त्यांनी स्वस्तात घेतली. घेतली ती मुलाच्या हट्टापायी, आणि त्या हट्टालाही कारण होते.

१९६८च्या नोव्हेंबरात लंडन ते सिडनी अशी मोटारींची एक अचाट शर्यत निघाली होती. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत त्या दिल्लीला आल्या आणि दिल्लीहून मुंबईकडे निघाल्या, त्या याच आग्रा-मुंबई रस्त्याने. मुंबईला बोटीत चढेपर्यंत त्यांतल्या ७२ उरल्या होत्या. ऑस्ट्रेलियाचे वाळवंट ओलांडून १७ डिसेंबरला सिडनी गाठणाऱ्या फक्त ५६. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना पुढे होती, पण शेवटी जिंकली ती अँड्र्यू कोवनची साधी हिलमन हंटर. एक हौशी मंडळी तर १९३०ची प्रचंड बेंटली घेऊन निघाली होती. ती मुंबईच्या बोटीपर्यंत पोहोचलीच नाही.

"आम्ही सगळी पोरं रस्त्याच्या कडेला उभी," काका सांगतात. "गावच्या गाव लोटलं होतं. अंधारात लांबून दिव्यांची रांग दिसायची, मग गडगडाट, आणि धुळीचा लोट अंगावर घेईपर्यंत गाडी गेलेली! मी मोजत होतो. त्यात एक एमजी होती रे भैया. बाई चालवत होती, असं दुसऱ्या दिवशी कळलं."

काकांचे म्हणणे खरे आहे. जीन डेंटन नावाच्या बाई एमजीबी घेऊन त्या शर्यतीत होत्या आणि त्यांनी ती सिडनीपर्यंत नेली. सोळा वर्षांच्या मुलाने त्या रात्री मनाशी एकच हिशेब केला. या गाड्या जर तिकडून इकडे येऊ शकतात, तर इकडून तिकडे का नाही?

तो हिशेब पंचावन्न वर्षे राहून गेला. वडील लवकर गेले, गॅरेज आले, बहिणींची लग्ने आली. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि काबूलवरून जाणारा जुना रस्ताच हौशी प्रवाशांना बंद झाला. काकाही गप्प बसले. मग २०२३ साली अहमदाबादच्या ठाकोर कुटुंबाने आपली १९५०ची एमजी वायटी बोटीने दुबईला नेली, आणि इराणमार्गे युरोप ओलांडत थेट इंग्लंड गाठले. मुक्काम कोणता, तर ॲबिंग्डन, गाडीचे माहेर! त्या गाडीचे नाव 'लाल परी'. आपल्याकडे लालपरी म्हणजे एसटी. पण काकांनी ते कात्रण जपून ठेवले होते. "ठाकोरांची तीन पिढ्यांची माणसं गेली. मी काय घोडं मारलंय?"

कार्ने नावाचे पुस्तक

माझा मावसभाऊ पीथमपूरला एका कारखान्यात इंजिनिअर होता. त्याने वडिलांची बाजू घेतली नाही आणि आईचीही नाही. त्याने माहिती काढली. ती वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून देतो.

माणसाला परदेशी जायला पासपोर्ट लागतो, तसा मोटारीलाही लागतो. त्याला कार्ने म्हणतात. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही १९१९ पासूनची संस्था असे कार्ने देते. हे एक पुस्तक असते, आणि त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना तिथला सीमाशुल्क अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि शिक्के मारलेला तिसरा भाग पुस्तकातच राहतो. मुदत एक वर्षाची. युरोपातल्या बऱ्याच देशांत ते लागत नाही, पण इराणसारख्या देशात त्याशिवाय गाडी आत घेत नाहीत.

या सगळ्या खटाटोपाचा अर्थ एकच. ही गाडी आम्ही इथे विकणार नाही, परत घेऊन जाणार आहोत, असे ते वचन असते. वचन मोडले, तर त्या देशाची जकात भरावी लागते. म्हणून आधीच गाडीच्या किमतीच्या हिशेबाने मोठी हमी ठेवून घेतात. गाडी घरी आली की आपल्या सीमाशुल्क खात्याला ती दाखवायची, सही घ्यायची, मग हमी सुटते. त्यात बोटीचे भाडे, विमे, व्हिसा आणि दोन-अडीच महिन्यांचा खर्च धरायचा. आकडा पाहून मावशीने डोक्याला हात लावला होता, आणि काकांनी प्लॉटचे कागद काढले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी झाल्यावर काका मला म्हणाले, "चल, तुला इंदूर दाखवतो." एमजी शेडमधून निघाली. किल्ली फिरवली की आधी पेट्रोलचा पंप टिक्-टिक्-टिक् वाजतो. कार्बोरेटर भरले की टिकटिक मंदावते, मग स्टार्टर ओढायचा. राऊ ते इंदूर या अर्ध्या तासात किमान वीस लोकांनी मोबाइल काढून फोटो घेतले असतील. दारे इतकी खाली कापलेली, की हात बाहेर सोडला तर रस्त्याला लागेल असे वाटते.

ते मला माणिकबागेशी घेऊन गेले. मी इतिहासाचा माणूस. हे ठिकाण मला पाहायचेच होते. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी हा राजवाडा १९३०च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून बांधून घेतला. ना मनोरे, ना कमानी, अगदी आधुनिक. यशवंतराव ऑक्सफर्डला शिकलेले, आणि मोटारींचे जबरे शौकीन. त्यांची सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे ड्यूसेनबर्ग एसजे. इंजिन आणि सांगाडा अमेरिकेत तयार झाला, अंग लंडनच्या गर्नी नटिंगने चढवले. आठ सिलिंडरांच्या त्या इंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. काकांच्या एमजीच्या जवळजवळ सहापट!

आपल्या वाचकांना एक गोष्ट जवळची वाटेल. यशवंतरावांच्या पत्नी संयोगिताराणी या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. म्हणजे कोगनोळीचा नाका ओलांडला की पलीकडे दिसते, त्या कागलच्या. हे जोडपे युरोपात राहिले, फिरले. पॅरिसमध्ये राहणाऱ्या मॅन रे या नामवंत छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे काढली. पण १९३७ साली संयोगिताराणींचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. ऐन तारुण्यात गेल्या. यशवंतराव १९६१ साली गेले. ड्यूसेनबर्ग पुढे अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. साठ-सत्तरच्या दशकात संस्थानिकांच्या अशा कितीतरी गाड्या देशाबाहेर गेल्या. म्हणूनच १९५० पूर्वी बनलेली मोटार आता परवान्याशिवाय बाहेर पाठवता येत नाही.

आणि माणिकबाग? तिथे आज केंद्रीय जीएसटी आणि सीमाशुल्क खात्याचे कार्यालय आहे. मोटारींच्या त्या शौकीन महाराजांच्या घरी आता जकातीचे कागद हलतात!

फाटकाबाहेर गाडी लावून काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "महाराणी गेली ती परत आली नाही. गाडी गेली ती परत आली नाही. आणि आता पोरगा जर्मनीला चाललाय."

तेव्हा मला पहिल्यांदा कळले. मावसभावाला जर्मनीत नोकरी मिळाली होती, एप्रिलमध्ये निघायचे होते. मावशीने मला फोनवर हे सांगितलेच नव्हते. काकांना ॲबिंग्डनचे वेड होते ते खरेच. पण मुलगा जाण्याआधी त्याच्याबरोबर एकदा रस्त्यावर असावे, ही त्याच्या आतली गोष्ट होती.

मी म्हणालो, "काका, परदेशच हवा ना? मग नेपाळ का नाही? कार्ने लागत नाही, बोट लागत नाही, प्लॉटही विकायला नको."

काकांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी त्यांना पुरणपोळीऐवजी खारी बिस्किटे वाढली आहेत. पण रात्री जेवताना त्यांनीच विषय काढला. "सोनौलीपर्यंत किती होतं रे?"

उलट्या दिशेने

२०२४च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो. एमजीत काका आणि मावसभाऊ आळीपाळीने चालवणार. मागे बोलेरोत मी, ड्रायव्हर, हत्यारांची पेटी आणि मावशी. होय, मावशी! "मी घरी बसून जीव टांगून घेऊ? त्यापेक्षा मागून बघत येते," असे म्हणून तिने कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि काकांच्या गोळ्यांचा डबा बोलेरोत ठेवला. डॉक्टरांची अट होती. दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर नाही, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही.

राऊ ते शिवपुरी हा त्याच आग्रा-मुंबई रस्त्याचा भाग. १९६८च्या गाड्या जिकडून आल्या, तिकडे आम्ही तोंड केले होते. एमजी साठच्या वेगाने जायची. ट्रकवाले मागून येत, शेजारी चालत, हात हलवून पुढे जात. गुण्याच्या अलीकडे गाडी एकाएकी बंद पडली. मावशी बोलेरोतून उतरून धावत गेली. पाहते तर काका शांतपणे बॉनेट उघडून पान्याच्या मुठीने पंपावर टकटक करत होते. पंपातले दोन कॉन्टॅक्ट कधी कधी चिकटतात. बाहेरून हलकेच ठोकले की सुटतात. टिक्-टिक् सुरू झाली. "पाहिलंस?" काका तिला म्हणाले. "माझं पण असंच केलं डॉक्टरांनी." मावशी हसली नाही. पण तिने त्यांना पाणी दिले आणि पुढचे पन्नास किलोमीटर मुलाने चालवायची, असा हुकूम सोडला.

झाशी, कानपूर, लखनौ झाले. अयोध्येत मंदिर नुकतेच उघडले होते, त्यामुळे लखनौपुढे गर्दी अफाट. इंजिन तापून काटा वर चढू लागला, तेव्हा एका शाळेच्या अंगणात झाडाखाली दोन तास थांबलो. पोरे गोळा झाली. काकांनी एकेकाला स्टिअरिंगमागे बसवले. त्यांत एक पोरगा काहीच न बोलता मीटरांवरून हात फिरवत राहिला. काकांनी त्याला शेवटपर्यंत उठवले नाही.

पाचव्या दिवशी दुपारी सोनौली. आपण सीमाभागातली माणसे. सीमा म्हणजे आपल्याला नवल नाही. एका बाजूला चहा प्यायचा आणि दुसऱ्या बाजूला एसटी पकडायची, हे आपले रोजचे. पाट्यांची लिपी बदलते, बोलणे हळूहळू बदलते, माणसे तीच. इथेही तसेच. रिक्षा, सायकली, पिशव्या घेतलेल्या बायका पायीच ये-जा करत होत्या. गाडीला मात्र कागद लागतो. भन्सार म्हणजे तिथली जकात कचेरी. आरसी बुक, लायसन दाखवायचे, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरायचे, आणि चिठ्ठी घ्यायची.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने आरसी बुक पाहिले आणि साल पुन्हा वाचले. बाहेर येऊन त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. मग विचारले, "फर्केर जान्छ?" आम्हाला कळले नाही. शेजारच्याने हिंदीत सांगितले, "पूछ रहे हैं, वापस जाएगी न?"

"जाएगी," काका म्हणाले. "वापस तो जाएगीच!"

कमानीखालून एमजी पलीकडे गेली. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे असते. काकांनी गाडी बाजूला घेतली, मनगटावरचे घड्याळ काढले आणि काटे पंधरा मिनिटे पुढे केले. "झाला परदेश!" बाहत्तर वर्षांच्या माणसाचे डोळे भरून आले होते, आणि तो ते धुळीवर ढकलत होता.

दुसऱ्या दिवशी लुंबिनीला गेलो. तिथला अशोकस्तंभ पाहताना मला आपल्या रायचूर जिल्ह्यातल्या मस्कीचा शिलालेख आठवला. एका राजाचे शब्द कुठून कुठवर जाऊन पोहोचले! काका आणि मावसभाऊ मात्र स्तंभापासून लांब एका ओट्यावर बसून बोलत होते. काय बोलत होते, ते मी विचारले नाही. मावशीनेही नाही. आम्ही दोघांनी शेंगांची चटणी संपवली.

होगि बा

परतीला गाडी एकदाही बंद पडली नाही. राऊच्या शेडमध्ये ती उभी केली, तेव्हा काकांनी भन्सारची चिठ्ठी खिशातून काढली आणि वडिलांच्या फोटोच्या चौकटीत खोचली. प्लॉटचे कागद परत कपाटात गेले. ॲबिंग्डनचे कात्रण मात्र भिंतीवर तसेच आहे.

एप्रिलमध्ये मावसभाऊ, त्याची बायको आणि मुलगी निघाली. मी मुद्दाम गेलो होतो. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. कानडीतही नुसते 'होगतेनि' कोणी म्हणत नाही, 'होगि बर्तेनि' म्हणतात, जाऊन येतो. दोन भाषा, पण निरोपाची रीत एकच. कार्नेच्या त्या जाड पुस्तकात, इतक्या शिक्क्यांनी आणि हमीने, दुसरे काय लिहिलेले असते?

मावसभाऊ पाया पडला आणि म्हणाला, "येतो." काकांना बोलवेना. त्यांनी नुसती मान हलवली. मावशीने मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "होगि बा." जा आणि ये.

त्या वर्षीच्या दिवाळीत तो दहा दिवसांसाठी आला. मावशीचा फोन आला, तेव्हा मागे काहीतरी वाजत होते. "ऊट आतेनो?" तिने विचारले, आणि माझे उत्तर न ऐकताच म्हणाली, "ऐकू येतंय का? बॅग पण उघडली नाही अजून. बापलेक शेडमध्ये आहेत."

मी कान देऊन ऐकले. टिक्-टिक्-टिक्. मग स्टार्टर ओढल्याचा आवाज.